पाणकावळा आणि डॉल्फिन: हतनूरच्या काठावर बसून तुलना कशी करायची

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे प्रकल्पांचा हंगाम सुरू होतो. नववीला 'दोन जलचर प्राण्यांची तुलना' हा विषय दिला की वीस वह्यांत एकच तक्ता येतो. डावीकडे डॉल्फिन, उजवीकडे पेंग्विन. डॉल्फिन सस्तन, पेंग्विन पक्षी. डॉल्फिन पिल्लाला जन्म देतो, पेंग्विन अंडं घालतो. खाली स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली दोन चित्रं, गोंदाचे डाग पडलेली. चूक शोधायला गेलं तर एकही सापडत नाही, पण वाचून हाती काही लागतही नाही. 'काबरं?' हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच नसतो.

मागची काही वर्षं मी मुलांकडून हे काम वेगळ्या तऱ्हेने करून घेतोय. त्याला चार-पाच रविवार लागतात, खर्च जवळजवळ नाही, आणि समुद्र बघायला जळगाव-धुळ्याहून कोकण गाठायची गरज पडत नाही. पालकांनी बरोबर बसून करायलाही हरकत नाही. फक्त लिहून देऊ नका, एवढीच विनंती.

पायरी १: जोडी ठरवा, आणि त्यातला एक प्राणी डोळ्यांसमोरचा घ्या

खरा पेंग्विन बघायचा तर मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावं लागतं. त्यापेक्षा तापीवरच्या हतनूर धरणाचं फुगवट्याचं पाणी बरं. ते नाही जमलं तर मुक्ताईनगरकडचा हरताळ्याचा तलाव, जळगावचा मेहरूण, धुळ्याचा नकाणे. या पाण्यांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात आणि सगळ्यांच्या नजरा चक्रवाकांवर खिळतात. आपल्याला मात्र बारा महिने इथेच राहणारा, काळाकुट्ट, कोणी फारसा न बघणारा पाणकावळा हवा आहे.

तोच का? तुलना करताना दोघांचा धंदा एक असावा. बगळा मासे खातो, पण उथळ पाण्यात उभा राहून. हळदी-कुंकू बदक पोहतं, पण त्याचा भर पाणवनस्पती आणि बियांवर. टिबुकली बुडी मारते, चालेल, पण ती इतकी लहान आणि लाजरी की नववीच्या मुलाचा धीर सुटतो. पाणकावळा हवेत श्वास घेतो, गरम रक्ताचा आहे आणि पाण्याखाली माशाचा पाठलाग करून त्याला धरतो. डॉल्फिन नेमकं हेच करतो.

डॉल्फिनची जातही ठरवून घ्या. नुसतं 'डॉल्फिन' लिहिलं की गोंधळ होतो. कोकण किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेक वेळा हंपबॅक डॉल्फिन. गंगा-ब्रह्मपुत्रेत राहणारा, २००९ साली राष्ट्रीय जलचर प्राणी ठरलेला गांगेय डॉल्फिन वेगळाच, तो तर समुद्रात जातच नाही. आणि पुस्तकांत ज्याचे आकडे सर्वांत जास्त मिळतात तो बॉटलनोझ. आपण आकड्यांसाठी बॉटलनोझ घेऊ. एकाची लांबी, दुसऱ्याचं वजन आणि तिसऱ्याची नजर अशी खिचडी मात्र करू नका. दरवर्षी दोन-तीन वह्यांत ती असतेच. (तापीत डॉल्फिन आहे का, असंही दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही.)

पायरी २: वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न

वीस मुद्द्यांची यादी करू नका. एक प्रश्न मोठ्या अक्षरात लिहा. माझा सुचवलेला असा: दोघंही पाण्यातच पोट भरतात, मग पाणकावळ्याला दिवसातून कितीदा तरी पाण्याबाहेर का यावं लागतं, आणि डॉल्फिन आयुष्यभर बाहेर न येता कसा राहतो?

पुढचं सगळं काम या प्रश्नासाठी. जो मुद्दा त्याला चिकटत नाही तो कितीही छान असला तरी वगळायचा. डॉल्फिनच्या हुशारीच्या गोष्टी, पाणकावळ्याला दोरी बांधून मासे धरणारे चीनमधले कोळी, हे सगळं मोह पाडणारं आहे. ठेवायचंच असेल तर शेवटच्या पानावर.

पायरी ३: काठावर बसा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. सकाळी उन्हं चढायच्या आत पोहोचा. बरोबर एक मोठं माणूस हवंच. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जायचं नाही. फुगवट्याच्या कडेला वरून सुकलेला दिसणारा गाळ खाली मऊ असतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाकडे बसायचं असेल तर देवळाच्या बाजूच्या पक्क्या काठावर बसा. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर फक्त जवळचे पक्षी निवडा. वही, पेन्सिल आणि मोबाईलचं स्टॉपवॉच एवढं पुरतं.

आधी ओळख पटवा. आपल्याकडे सर्रास दिसतो तो लहान पाणकावळा: लांबी साधारण ५० सेंटीमीटर, वजन अर्धा किलोच्या आतबाहेर, आखूड चोच, लांबट शेपूट. मोठा पाणकावळा त्याच्या दीडपट-पावणेदोनपट लांब, वजन दोन-तीन किलो, गालाशी पिवळी-पांढरी कातडी. पोहताना मान सापासारखी बारीक आणि चोच सरळ सुईसारखी दिसली तर तो तिरंदाज. पाणकावळ्याच्या चोचीला टोकाशी आकडा असतो, तिरंदाजाला नसतो. काळा अंग, कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी; हे नाव एकदा ऐकलं की मुलं विसरत नाहीत.

आता मोजणी. पक्षी बुडाला की घड्याळ सुरू, वर आला की बंद. तो वर किती वेळ थांबला तेही लिहा. अशा दहा बुड्या. सोपं वाटतं, पण पहिल्या वर्षी मीच फसलो. घड्याळात तीन मिनिटं भरली, मी मुलांना म्हटलं, बघा काय दमसास! माझ्यामागे जाळं आवरत बसलेले एक भोईबाबा हसले. "गुरुजी, तुमचा तो तिकडं झाडावर बसेल हाये. हा दुसराच निंघना." तेव्हापासून नियम केला: एकटा पक्षी निवडायचा, आणि दोघांनी काम वाटून घ्यायचं. एकाने पाण्यावरून नजर हलवायची नाही, दुसऱ्याने घड्याळ आणि वही सांभाळायची. शंका आली तर ती ओळ खोडायची, अंदाजाने भरायची नाही. उथळ पाण्यात लहान पाणकावळ्याची बुडी बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. तुमच्या वहीत वारंवार दोन मिनिटं येत असतील तर पक्षी बदललाय असं समजा.

बुडताना पाय बघा. अंगाला हलकी उसळी देऊन तो डोक्याकडून आत जातो. पंख अंगाला घट्ट मिटलेले, आणि दोन्ही पाय एकदम मागे ढकलतो. त्याच्या पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली असतात; बदकाची पुढची तीनच. पोहताना बदक पाण्यावर होडीसारखं तरंगतं, पाणकावळ्याची पाठ मात्र जेमतेम वर असते, कधी तर नुसती मान. हे लिहून ठेवा, पाचव्या पायरीला लागेल.

मग तो बाहेर येतो. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीवर किंवा जाळ्याच्या खुंटावर बसतो आणि दोन्ही पंख पसरतो, दोरीवर ओला सदरा टाकावा तसे. किती मिनिटं पसरले, सूर्याकडे तोंड होतं की पाठ, वारा कुठून होता, सगळं नोंदवा. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे मुख्यतः पिसं वाळवणंच आहे. मार्चनंतर पुन्हा गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल: भुसावळच्या उन्हात तो चोच किंचित उघडून गळ्याची कातडी भराभर थरथरवतो. आपल्याला घाम येतो, पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात; गळ्यातल्या ओलाव्याच्या वाफेवर तो अंग थंड करतो.

जमलं तर भोईबाबांसारख्या माणसाशी बोला. पाणी किती खोल असलं की पाणकावळे येतात, थवा एका रांगेत मासे कसे हाकलतो, जाळ्यातला मासा कधी पळवतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. नाव न लिहिता 'एका मच्छीमाराने सांगितलं' असं लिहून त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवा.

पायरी ४: डॉल्फिनची बाजू पुस्तकातून, पण त्याच मापात

डॉल्फिन आपण बघू शकत नाही, म्हणून इथे वाचन. अट एकच: पाणकावळ्याबाबत जे मोजलं तेच डॉल्फिनबाबत शोधायचं, त्याच एककात. एकीकडे सेकंद आणि दुसरीकडे 'बराच वेळ' असं चालणार नाही.

बॉटलनोझची लांबी साधारण २ ते ४ मीटर. वजन दीडशे किलोपासून कधी सहाशेच्या वर. अडीचशे किलोचा धरला तर एका डॉल्फिनच्या वजनात पाचशे लहान पाणकावळे बसतात. हा आकडा मुलांना फार आवडतो, आणि तो नुसता आवडण्यापुरता नाही हे पुढे कळेल. रोजच्या बुड्या त्याच्या काही मिनिटांच्याच असतात, पण गरज पडली तर आठ-दहा मिनिटं तो खाली राहू शकतो. आपण बसल्या बसल्या श्वास घेतो तेव्हा छातीतली जेमतेम दहावा हिस्सा हवा बदलते; डॉल्फिन एका श्वासात तीन चतुर्थांशाहून जास्त हवा बदलतो. शिवाय त्याच्या रक्तात आणि स्नायूंत प्राणवायू साठवायची सोय मोठी. त्याचं मांस गडद लाल दिसतं ते यामुळेच.

नाकाची तुलना जरूर करा. डॉल्फिनचं नाक सरकत सरकत डोक्यावर गेलं, म्हणजे पोहता पोहता नुसता माथा वर काढला की काम झालं. पूर्ण वाढ झालेल्या पाणकावळ्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बंदच असतात. तो तोंडाने श्वास घेतो.

झोपेचं काय? पाणकावळा संध्याकाळी थव्याने झाडावर परततो. डॉल्फिनला श्वास आठवणीने घ्यावा लागतो, आपल्यासारखा आपोआप चालत नाही, म्हणून त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो आणि दुसरा जागा राहतो. आमच्या वर्गात या वाक्यानंतर शेवटच्या बाकाकडे बघून हशा होतो.

शिकार शोधण्यातही फरक आहे. पाणकावळ्याचा भर नजरेवर. त्याच्या डोळ्यातलं भिंग पाण्याखाली आकार बराच बदलू शकतं. डॉल्फिन आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून कानापर्यंत घेतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत सुमारे ३४० मीटर. मळ्यातल्या हौदात एकाने दोन दगड एकमेकांवर आपटावेत, दुसऱ्याने कान पाण्यात बुडवून ऐकावं: आवाज खणखणीत येतो, पण कुठून आला ते सांगता येत नाही. आपले कान हवेसाठी बनलेत. पावसाळ्यात तापी चहासारखी होते, अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग किती? गंगेतल्या डॉल्फिनच्या डोळ्यात तर भिंगच उरलेलं नाही. तो सगळं आवाजावर चालवतो.

पायरी ५: तीन घरगुती प्रयोग

पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं. आपल्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

पहिला प्रयोग कापसाचा, आणि तो खानदेशातल्या मुलांनी नाही करायचा तर कोणी! बोंडातून नुकता काढलेला सरकीसह कापूस घ्या आणि औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस घ्या. दोन्ही पाण्याच्या पातेल्यात अलगद सोडा. दुकानातला बघता बघता भिजून खाली जातो. शेतातला तरंगत राहतो, कारण त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो; दुकानातल्याचा तो धुऊन काढलेला असतो. आता बोटाने शेतातला कापूस दाबा. कडेचे धागे ओले होतात, पण आतून बराच वेळ कोरडा राहतो. पाणकावळ्याच्या पिसाचं असंच आहे. पिसाची कड भिजते, मधला भाग भिजत नाही, त्यामुळे कातडीलगत हवेचा पातळ थर टिकतो. 'पाणकावळ्याला तेलाची ग्रंथी नसते म्हणून तो भिजतो' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ग्रंथी असते, भिजणं पिसाच्या घडणीमुळे आहे. आणि भिजण्यात त्याचा फायदाही आहे: पिसांतली हवा कमी झाली की तरंगणं कमी होतं आणि बुडी सोपी जाते. बदक होडीसारखं का तरंगत होतं, ते आता लक्षात येईल.

दुसरा प्रयोग वनस्पती तुपाचा. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला, मध्ये डालडा भरा, कडा चिकटपट्टीने बंद करा. एक हात त्या पिशवीत, दुसरा हात नुसत्या दुहेरी पिशवीत, आणि दोन्ही बर्फाच्या पाण्यात. कोणता हात आधी बाहेर काढावासा वाटतो ते सेकंदांत मोजा. झोंबायला लागलं की लगेच हात काढा, शर्यत लावू नका. डॉल्फिनच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तो भिजत नाही, दाबला तरी त्यातून हवा निघून जात नाही, वाळवावा लागत नाही.

तिसरा बटाट्याचा. १ सेंटीमीटर बाजूचा घन कापा: पृष्ठफळ ६, आकारमान १. मग ४ सेंटीमीटर बाजूचा: पृष्ठफळ ९६, आकारमान ६४, म्हणजे एका वाट्याला दीडच. जितकं अंग मोठं तितकी वजनाच्या मानाने कातडी कमी, आणि ऊब बाहेर पडायला दारं कमी. हिशेब पटत नसेल तर एक मोठा आणि एक बोराएवढा बटाटा एकत्र उकडून थंड पाण्यात टाका, पाच मिनिटांनी मधोमध कापून बोट लावा. पाचशे पाणकावळ्यांचा आकडा इथे कामी येतो. अर्धा किलोच्या, ओल्या पिसांच्या पक्ष्याला दिवसभर पाण्यात राहणं परवडतच नाही.

पायरी ६: हाडं काढा

एका पानावर तीन चित्रं शेजारी शेजारी: तुमचा हात, पाणकावळ्याचा पंख, डॉल्फिनचा पुढचा पर. दंडाचं एक हाड, पुढे दोन, मग मनगट, मग बोटं. प्रत्येक हाडाला तिन्ही चित्रांत एकच रंग द्या. पक्ष्यात बोटं जुळून कमी झालेली दिसतील, डॉल्फिनमध्ये बोटांतली पेरं वाढलेली. मूळ आराखडा एक, कारण दोघांचा फार जुना पूर्वज एक, सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचा, जमिनीवर चालणारा.

शेपटीकडे मात्र नीट बघा. मासा शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतो, डॉल्फिन वर-खाली. धावणाऱ्या कुत्र्याची पाठ बघा, तीही वर-खाली वाकते. डॉल्फिनचे पूर्वज चार पायांवर चालणारे होते. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे त्यांच्या कुळातले जीवाश्म आपल्याच उपखंडात सापडलेत. त्यांच्या जवळच्या नात्यातला, सशापेक्षा थोडा मोठा 'इंडोह्यूस' जम्मू भागातल्या कालाकोटच्या खडकांतून मिळाला. डॉल्फिनच्या पोटात कंबरेची दोन छोटी हाडं आजही उरली आहेत. म्हणजे जमिनीवरून पाण्यात दोघंही गेले. एकाने परतीची वाट ठेवली, दुसऱ्याने नाही.

पायरी ७: तक्ता सर्वांत शेवटी

आता हवा तर तक्ता करा, पण तीन रकान्यांचा: पाणकावळा, डॉल्फिन आणि 'काबरं'. तिसरा रकाना भरता येत नसेल ती ओळ काढून टाका. सहा-सात ओळी उरल्या तरी पुरे. बुड्यांच्या नोंदीचं मूळ पान खाडाखोडीसह जोडा. सरासरी काढताना 'सरासरी' लिहा आणि सर्वांत लांब व सर्वांत छोटी बुडीही द्या. समजा दहा बुड्यांची बेरीज १८० सेकंद आली, तर सरासरी १८. पण त्यात एक ५ सेकंदांची आणि एक ३१ सेकंदांची असेल तर ते सरासरीत दिसत नाही.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: पाणकावळा डॉल्फिनएवढा मोठा झाला, चरबीही आली, तर तो कायमचा पाण्यात राहील का? थांबा, घाई करू नका. पक्ष्यांत एकही जात पिल्लाला थेट जन्म देत नाही. अंड्याला हवा लागते, ऊब लागते, कोरडी जागा लागते. डॉल्फिनची मादी साधारण बारा महिने पिल्लू पोटात वाढवते, ते पाण्यातच, बहुधा शेपटीकडून बाहेर येतं, आणि म्हशीच्या दुधाहून कितीतरी स्निग्ध दूध तिथेच पितं. थंडीचा प्रश्न सुटला तरी पक्ष्याचा घरट्याचा प्रश्न उरतोच. तक्त्यातली ती रटाळ ओळ, 'एक अंडी घालतो, एक पिल्लू देतो', आता कुठे कामाला येते.

उदाहरण मागितलं तर गालापागोस बेटांवरच्या पाणकावळ्याचं द्या. त्याचे पंख इतके खुरटले की तो उडूच शकत नाही. तरी मासे धरून झाले की खडकावर चढतो, ते एवढेसे पंख पसरून वाळवत बसतो, आणि घरटंही तिथेच, पाण्याच्या काठाला करतो.